हार्ड डिस्क बिघडली, डेटा हवा आहे : पैसे कशाचे आणि किती?

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, एखादं फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागू लागली, किंवा विंडोजने ‘ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा’ असं सांगितलं, की सगळ्यांत मोलाची गोष्ट फुकट करता येते. डिस्क बंद करायची आणि केबल काढायची. पुन्हा लावून ‘आता दिसतेय का’ हे बघायचं नाही, भाच्याच्या लॅपटॉपला लावून बघायचं नाही, चेकडिस्क चालवायचं नाही आणि फॉरमॅटला ‘हो’ तर मुळीच म्हणायचं नाही. या प्रत्येक गोष्टीचा खर्च त्या दिवशी शून्य दिसतो आणि नंतरच्या बिलात उतरतो. पाच हजारांत होणारं काम पंचवीस हजारांवर जातं, ते अनेकदा याच पहिल्या तासाभरात.

डेटा रिकव्हरीचे दर विचारायला गेलं की दीड हजारापासून साठ हजारांपर्यंत काहीही ऐकू येतं. ग्राहकाला वाटतं, हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे. तसा तो नाही. बिघाड कुठल्या थरावर आहे त्यावर दर ठरतो, आणि तो थर ओळखता आला तर समोरच्याने सांगितलेला आकडा वाजवी आहे की नाही हे आपलं आपल्याला कळतं. त्यासाठी डिस्कच्या आत थोडं शिरावं लागेल.

फाइल वर, सेक्टर खाली

लग्नाचा अल्बम, टॅलीचा डेटा, पेजमेकरमध्ये लावलेलं पुस्तक, यांतलं डिस्कला काहीही कळत नाही. तिला फक्त सेक्टर कळतात. एक टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, शून्यापासून ओळीने क्रमांक दिलेले. आजच्या बहुतेक डिस्क आतून ४,०९६ बाइटचे मोठे सेक्टर वापरतात, पण बाहेर हिशोब सहसा ५१२चाच दाखवतात. अमुक फाइल कुठल्या सेक्टरांत आहे याची नोंद फाइल सिस्टिम ठेवते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. ही नोंद म्हणजे सातबारा आणि सेक्टर म्हणजे जमीन. फाइल डिलीट केली की उताऱ्यावरचं नाव कमी होतं. शेतातलं पीक उभंच असतं, दुसरं कुणी तिथे नांगर घालेपर्यंत.

आपण रोज ज्या खिडकीतून फाइली बघतो ती या उताऱ्यावर चालते. उतारा फाटला की तिच्या लेखी जमीनच उरत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिमने आणखी एक वाट ठेवलेली असते. विंडोजमध्ये ‘फिजिकलड्राइव्ह’ या नावापुढे ०, १, २ असा क्रमांक येतो; लिनक्समध्ये ‘डेव्ह’ फोल्डरात ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं असतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेला प्रोग्रॅम या नावाने अख्खी डिस्क एक सलग फाइल असल्यासारखी उघडतो, हव्या त्या क्रमांकाच्या सेक्टरवर जातो आणि तिथे जे असेल ते फाइल सिस्टिमला न विचारता वाचतो. डॉसच्या काळात हे काम बायोसच्या १३ एच या इंटरप्टमधून व्हायचं. व्हिस्टापासून विंडोजने लिहिण्यावर बंधन आणलं आहे : चालू विभागाच्या सेक्टरांवर थेट लिहायचं असेल तर आधी तो विभाग लॉक करावा लागतो. वाचायला मात्र अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार पुरतात.

फुकटातलं असो की ऐंशी डॉलरचं, रिकव्हरीचं प्रत्येक सॉफ्टवेअर याच वाटेने जातं. दुकानदार ‘आमच्याकडे खास सॉफ्टवेअर आहे’ म्हणतो तेव्हा हे आठवावं. पैसे सॉफ्टवेअरच्या नावाला द्यायचे नसतात. सेक्टर सुरक्षितपणे वाचून घेण्याला आणि वाचलेल्यातून फाइली जुळवण्याला द्यायचे असतात.

नोंद गेली, डिस्क धडधाकट

फाइल चुकून डिलीट झाली, क्विक फॉरमॅट झालं, पेनड्राइव्ह कॉपी चालू असताना खेचला गेला, अशा वेळी डिस्कच्या यंत्रात काहीही बिघडलेलं नसतं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर शून्याव्या सेक्टरमध्ये विभागांचा तक्ता असतो, चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. हे ६४ बाइट खराब झाले की अख्खी डिस्क कोरी दिसू लागते. नव्या जीपीटी पद्धतीत या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, आणि एनटीएफएसही आपल्या बूट सेक्टरची प्रत विभागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. टेस्टडिस्क हा फुकट प्रोग्रॅम अशाच खुणा शोधून तक्ता पुन्हा उभा करतो. जाणकार माणसाला हे काम तासाभराचं आहे.

या थरावर स्वतः प्रयत्न करायला हरकत नाही. टेस्टडिस्क आणि त्याचा जोडीदार फोटोरेक हे दोन्ही क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले, मुक्त परवान्याचे आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२० साली ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ फुकट उपलब्ध करून दिलं, पण ते कमांड टाइप करून चालवावं लागतं. डीएमडीईच्या फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरातल्या ४,००० फाइलींपर्यंत मर्यादा आहे, आणि घरगुती गरजेला तेवढं बऱ्याचदा पुरतं. विकतच्यांत आर-स्टुडिओ सुमारे ८० डॉलरला, म्हणजे सात हजारांच्या आसपास पडतं. बहुतेक विकतची सॉफ्टवेअर स्कॅन फुकट करू देतात आणि फाइल उतरवून घेताना पैसे मागतात. म्हणून आधी स्कॅन करून प्रीव्ह्यूमध्ये फोटो खरोखर उघडतोय का ते बघायचं आणि मगच कार्ड काढायचं. फाइलींची नावं यादीत दिसली म्हणजे आतला मजकूर शाबूत आहे असं नव्हे.

दोन पथ्यं पाळलीच पाहिजेत. सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवायचं नाही आणि परत मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवायच्या नाहीत. दुकानात हे काम दिलं तर साधारण दोन ते आठ हजारांत व्हावं. डिस्क एक टीबीची आहे की दोनची यावरून थोडा फरक पडेल, कारण वाचायला वेळ जास्त लागतो. पण नुसत्या डिलीट झालेल्या फाइलींसाठी कुणी वीस हजार सांगितले, तर डिस्क उचलून बाहेर पडावं.

सेक्टर मरू लागले

खरा पेच इथे आहे, आणि ग्राहकाचं सर्वाधिक नुकसानही इथेच होतं. डिस्क फिरते, नाव दाखवते, अर्धं फोल्डर उघडते आणि मध्येच अडकते. आधी तिची तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम डिस्कने स्वतः ठेवलेल्या स्मार्ट नोंदी दाखवतो. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित ठेवलेले सेक्टर, आणि सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही दुरुस्त न झालेले सेक्टर. रॉ व्हॅल्यूचे आकडे तिथे हेक्झाडेसिमलमध्ये दिसतात. सेटिंगमधून ते दशमानात करून घ्या, म्हणजे घोटाळा होणार नाही. सी५ शून्य नसेल आणि डेटा मोलाचा असेल, तर त्या डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट चालवायचं नाही.

कारण साधं आहे. वाचता न येणारा सेक्टर लागला की डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघते, वर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा तेच मागते, आणि आजारी हेड त्याच खराब जागेवर घासत राहतो. चेकडिस्क तर याहून घातक. ते फाइल सिस्टिम सुसंगत करायला बसलेलं असतं, तुमचा डेटा वाचवायला नव्हे. न जुळणाऱ्या नोंदी ते सरळ कापून टाकतं, आणि तेही मरणाऱ्या डिस्कवर लिहून.

आधी प्रत, मग दुरुस्ती, हाच इथला नियम. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं दुसऱ्या धडधाकट डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि जे काही शोधायचं ते त्या प्रतीत शोधायचं. या प्रतीला इमेज म्हणतात. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे अँतोनियो दियास दियास यांनी लिहिलेलं फुकट साधन यासाठीच आहे, आणि मला ते या सगळ्या क्षेत्रातलं सगळ्यांत सुज्ञ साधन वाटतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग घेतं, अडलं की उडी मारून पुढे जातं, कुठले सेक्टर मिळाले आणि कुठले राहिले याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं आणि सगळ्यात शेवटी खराब भागाकडे परत येतं. वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवलं, तरी दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होतं.

याचा खर्च पाहू. लिनक्स चालवायला सोळा जीबीचा पेनड्राइव्ह, तीन-पाचशे रुपये. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कसाठी साटा-यूएसबी केबल पाचशेच्या आसपास. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला वेगळा बारा व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लागतो, तो धरून हजार ते दोन हजार. जुना डेस्कटॉप हाताशी असेल तर डिस्क थेट मदरबोर्डच्या साटाला जोडावी. यूएसबीचा मधला पूल खराब सेक्टर लागले की बऱ्याचदा अडकतो. मुख्य खर्च नव्या डिस्कचा. एक टीबीच्या डिस्कवर दोनशे जीबीच भरलेले असले तरी इमेज पूर्ण एक टीबीची होते, आणि ती फाइल म्हणून ठेवायची तर एक टीबीची नवी डिस्क अपुरी पडते. शिवाय शोधलेल्या फाइली ठेवायला जागा हवीच. दोन टीबीची बाहेरची डिस्क साधारण सहा ते नऊ हजारांना येते. म्हणजे स्वतः करायचं तर सात-दहा हजार लागतात, पण काम झाल्यावर ती डिस्क तुमच्याकडेच राहते.

वेळेचा हिशोबही करून ठेवा. सेकंदाला १०० एमबी वेग धरला तर एक टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात. जुन्या यूएसबी २.०वर हेच नऊ-दहा तासांवर जातं. सेक्टर खराब असतील तर दोन-चार दिवसही लागतात. दुकानदाराने चार दिवस मागितले तर तो टोलवतोय असं समजू नका. ‘अर्ध्या तासात देतो’ म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

एक धोका स्पष्ट सांगायला हवा. डीडीरेस्क्यूला आधी वाचायची डिस्क सांगायची असते आणि नंतर लिहायची. क्रम उलटला तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर चढते आणि परतीचा मार्ग बंद होतो. एसडीए की एसडीबी हे अंदाजाने ठरवायचं नाही. दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि पडद्यावर ताडून मगच एंटर दाबायचं. हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याला द्या, त्यात कमीपणा नाही. दुकानात नुसती इमेज घेणं आणि फाइली काढून देणं, खराब सेक्टरांसकट, साधारण पाच ते पंधरा हजारांत बसतं.

डिस्क उघडावी लागते तेव्हा

टकटक आवाज, डिस्क पडलेली असणं, फिरण्याचा आवाजच न येणं, किंवा नाव दिसतं पण क्षमता शून्य, ही लक्षणं असली की घरचे प्रयोग संपले. हेड आणि तबकडीतलं अंतर काही नॅनोमीटरचं असतं. धुळीचा एक कण तिथे खूप मोठा ठरतो. म्हणून डिस्क उघडायची ती गाळलेल्या हवेच्या स्वच्छ टेबलावर, साध्या टेबलफॅनखाली नव्हे. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर विसरून जा. तबकडीवर दव धरतं आणि उरलासुरला डेटाही जातो.

अशा प्रयोगशाळांमध्ये पीसी-३००० किंवा डीपस्पारसारखी यंत्रं असतात. ती ऑपरेटिंग सिस्टिमला पूर्ण बाजूला ठेवून डिस्कशी थेट बोलतात, किती वेळ थांबायचं ते स्वतः ठरवतात, आणि चार हेडपैकी एक मेला असेल तर उरलेल्या तिघांकडून आधी सगळं वाचून घेतात. ही यंत्रं लाखांच्या घरातली आहेत आणि चालवणारा माणूस शिकायला वर्षं लागतात. इथले दर चढे असतात त्याला हे खरं कारण आहे. फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या आतल्या प्रोग्रॅमचा, बिघाड असेल तर साधारण आठ ते वीस हजार, हेड बदलायचे असतील तर वीस ते पन्नास हजार, आणि मोठ्या क्षमतेच्या किंवा खूप मार लागलेल्या डिस्कला त्याहून जास्त. हेड बदलायला तशाच मॉडेलची दुसरी डिस्क लागते, जिला डोनर म्हणतात. तिची किंमत तुमच्याकडून घेतली जाते आणि काम फसलं तरी ती परत मिळत नाही. हे रास्त आहे, पण आधी सांगितलेलं असावं.

सर्किट बोर्ड जळला असेल तर ‘तसाच दुसरा बोर्ड लावा’ असा सल्ला मिळतो. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या डिस्कना एवढं पुरत नाही. प्रत्येक डिस्कचं स्वतःचं मोजमाप बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असतं, ती चिप नव्या बोर्डावर बसवावी लागते. हे काम येणाऱ्याकडून पाच-दहा हजारांत होतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावी, अनेक दुकानं डिस्क फक्त घेतात आणि पुढे पाठवतात. त्यात वाईट काही नाही, पण मग मध्यस्थाचा वाटा दरात मिसळतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : काम इथे होणार की दुसरीकडे? दुसरा प्रश्न, मला न विचारता डिस्क उघडणार का? याचं उत्तर लेखी ‘नाही’ असंच हवं, कारण एकदा उघडलेली डिस्क दुसरीकडे नेली की तिथला दर वाढतो आणि आशा कमी होते. तपासणीची फी किती, ती शेवटच्या बिलातून वजा होणार का, आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हेही कागदावर घ्या. डिस्क देताना पावतीवर तिचा सिरीयल नंबर लिहून घ्यायला विसरू नका.

‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ या पाटीवर भाळण्याआधी डेटा म्हणजे काय ते ठरवा. फोटोरेकसारखी साधनं फाइल सिस्टिम सोडून देतात आणि फाइलीच्या सुरुवातीची खूण ओळखून तुकडे उचलतात. त्यातून लाखभर फाइली निघतात, पण मूळ नावं आणि फोल्डर राहत नाहीत. फोटो स्टुडिओला हे चालू शकेल. टॅलीच्या हिशोबाला किंवा तुकड्या-तुकड्यांनी साठलेल्या लांब व्हिडिओला त्याचा उपयोग जवळपास नसतो. तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते पाच-सहा ओळींत लिहून द्या : अमुक कंपनीचा टॅली डेटा, अमुक तारखेचे फोटो, पुस्तकाचं अंतिम फोल्डर. यश त्या यादीवर मोजायचं, ‘नव्वद टक्के मिळालं’ यावर नाही.

पैसे देऊनही न मिळणारं

सेक्टरवर नवं काही लिहिलं गेलं की जुनं गेलं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या सेक्टरांवर शून्य लिहितं. क्विक फॉरमॅट लिहीत नाही. एसएसडीची गोष्ट वेगळी आहे. तिथे फाइल डिलीट झाली की विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सूचना जाते आणि ते सेक्टर लवकरच रिकामे वाचले जाऊ लागतात. डिलीट झालेल्या फाइलीसाठी एसएसडीवर हजारो रुपये मोजणं बहुतांश वेळा व्यर्थ. विंडोजचं बिटलॉकर हे डेटा सांकेतिक करणारं कुलूप चालू असेल तर सेक्टर नीट वाचूनही ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय हाती काही लागत नाही. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेलं असू शकतं, आणि की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. दुकानात जाण्याआधी तिथे बघा. डब्ल्यूडीच्या माय पासपोर्टसारख्या अनेक बाहेरच्या डिस्क आतल्या बोर्डातच डेटा सांकेतिक करतात; कवच फोडून आतली डिस्क दुसऱ्या केबलला लावल्याने तिथे काहीच साधत नाही.

खर्च टळू शकेल अशी एक जागा लोक बघतच नाहीत. डिस्कची वॉरंटी डेटाची नसते, नवी डिस्क मिळते एवढंच. पण सीगेटच्या आयर्नवुल्फ आणि वन टच यांसारख्या काही मालिकांबरोबर तीन वर्षांची डेटा रिकव्हरी सेवा किमतीतच येते. जुना खोका आणि बिल शोधा. आणि कोटेशनला होकार देण्याआधी एक संध्याकाळ यात घालवा : सीएकडे गेल्या वर्षीचा टॅली बॅकअप आहे का, छापखान्याकडे पुस्तकाची पीडीएफ आहे का, नातेवाइकांच्या फोनमध्ये ते फोटो आहेत का. जे बाहेर सापडेल ते यादीतून कमी करा. कधी कधी उरलेल्या यादीसाठी तीस हजार द्यावेसेच वाटत नाहीत.

काम झाल्यावर पूर्ण रक्कम देण्याआधी तिथेच बसून तपासा. फोटो लघुचित्रात नव्हे, पूर्ण आकारात उघडा. अर्धवट मिळालेल्या फोटोचा खालचा भाग करडा दिसतो. व्हिडिओ मधूनच आणि शेवटून चालवून बघा. टॅलीत कंपनी लोड करून ताळेबंद काढा. प्रयोगशाळेने आपल्याकडची इमेज तुम्ही घरी सगळं बघेपर्यंत आठवडाभर ठेवावी आणि त्यानंतर ती पुसल्याचं लेखी द्यावं. डिस्कवर तुमच्या आधारच्या आणि बँकेच्या प्रती असतात, म्हणून हे शेवटचं पत्र मागायला संकोच करू नका. मूळ डिस्क, उघडलेली असली तरी, परत घ्या. ठरल्याहून जास्त पैसे मागितले किंवा डिस्क अडवून ठेवली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे अर्जाला शुल्क लागत नाही. सोबत लागतील ती कागदपत्रं म्हणजे सिरीयल नंबरची पावती, लेखी कोटेशन आणि तुम्ही दिलेली पाच-सहा ओळींची यादी.